कयाधूचा पूर आणि पापाचा हिशेब

2024 सालचा पोळा 2 सप्टेंबरला आला. हिंगोली जिल्ह्यात त्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदेमळणीलाच, आभाळ फाटलं. कयाधू नदी पात्र सोडून शिवारात शिरली. शेंगा भरत आलेलं सोयाबीन, कापूस, हळद सगळं पाण्याखाली गेलं. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो, त्यामुळे पाऊस उघडल्यावरही मुळं सडत राहिली.

या भागाला सवय आहे ती उलट संकटाची. 1972 चा दुष्काळ इथे अजून घराघरांत सांगितला जातो, आणि 2016 मध्ये मराठवाड्यातल्याच लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. इथली माणसं धोंडी काढून पाऊस मागतात. मागितलेलंच जेव्हा घात करतं, तेव्हा पारावर एक प्रश्न हमखास निघतो: आपलं काय चुकलं? त्यामागून उत्तरही येतं, की पाप वाढलंय. 2014 च्या फेब्रुवारीअखेर गारपीट सुरू झाली आणि मार्चमध्येही हाताशी आलेला गहू-हरभरा झोपवत राहिली, तेव्हाही हाच प्रश्न होता.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सोसणाऱ्याला आपल्या सोसण्यात काही अर्थ हवा असतो. पण त्यातून निघणारं उत्तर क्रूर आहे. पाणी पापी-पुण्यवान पाहत नाही; ते सखल शेतात आणि मातीच्या भिंतींच्या घरात आधी शिरतं. म्हणजे पापाचा हा हिशेब मान्य केला, तर जो सर्वांत गरीब तोच सर्वांत मोठा अपराधी ठरतो.

फार मोठ्या माणसांनाही या विचारानं ओढून नेलं आहे. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर स्वतः अस्पृश्यतेचे विरोधक होते, तरी त्यांनी कडाडून हरकत घेतली. भौतिक घटनेची कारणं भौतिकच असतात आणि असला युक्तिवाद विरोधकांनाच जास्त सोयीचा ठरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजींनी तो आक्षेप आपल्या उत्तरासह ‘हरिजन’मध्ये छापला, हा त्यांचा मोठेपणा, बाजू मात्र रवींद्रनाथांचीच खरी होती. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मोजके तास धो धो कोसळणाऱ्या पावसाचं मूळ शोधायचं तर ते इथे शोधावं लागेल.

मग श्रद्धेनं करायचं काय? त्याचं उत्तर कयाधूकाठीच आहे. नामदेवांचं नर्सी याच नदीवर वसलं आहे. 1338 च्या सुमारास मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि संत चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. विठ्ठलाचा एवढा भक्त, आणि मरण असं! पूर्वकर्माचा हिशेब मांडायला याहून सोपी जागा नव्हती. नामदेवांनी तो मांडला नाही. ते मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी वेचल्या आणि पंढरपूरला आणल्या. त्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं, असं परंपरा सांगते. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी झाली.

ज्यांच्या मातीत नामदेव जन्मले, त्यांनी पुराकडेही असंच पाहावं. भरपाईच्या सरकारी हिशेबात अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस. पर्जन्यमापक एका गावात असतो आणि ढग दुसऱ्याच शिवारावर फुटतो. तिथे कुणाचं नुकसान नोंदीतून सुटलं, तर तो दैवाचा कोप नसतो. ती माणसांची चूक असते आणि माणसांना ती दुरुस्त करता येते. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यानं पुन्हा तसाच पाऊस पाहिला. पुढच्या वेळी पाणी ओसरलं की शेजाऱ्याच्या बांधावर जा, पडलेल्या पिकाचे फोटो काढायला त्याला मदत करा आणि पंचनाम्यात त्याचं नाव चढेपर्यंत तलाठ्याकडे त्याच्यासोबत उभे राहा.