चात्यांचं गाव

धुरांडं धूर ओकत असतं तोवर त्याच्याकडे कुणी कौतुकानं पाहत नाही. धूर थांबतो, खालची माणसं पांगतात, आणि मग त्याच धुरांड्याला ‘वारसा’ अशी पाटी लागते. मँचेस्टरच्या ईशान्येला पेनाइन टेकड्यांच्या उतारावर वसलेल्या ओल्डहॅममध्ये तर पुष्कळशा धुरांड्यांना पाटी लागेपर्यंतही दम निघाला नाही.

1801 साली हे जेमतेम बारा हजार वस्तीचं गाव होतं. शंभर वर्षांत वस्ती एक लाख सदतीस हजारांवर गेली. 1911 साली एकट्या ओल्डहॅममध्ये सूतगिरण्यांच्या 1 कोटी 64 लाख चात्या फिरत होत्या, म्हणजे जगातल्या दर नऊ चात्यांतली जवळजवळ एक. ऐन भरात तिथं साडेतीनशेहून अधिक गिरण्या होत्या. इतक्या गर्दीत गिरणी ओळखू यायची ती तिच्या मनोऱ्यावर पांढऱ्या विटांत लिहिलेल्या नावावरून. नाईल, रॅम, एल्क अशी सुटसुटीत नावं. तो डौलदार मनोरा मुळात पाण्याच्या टाकीसाठी बांधलेला असे. कापसाला आग लागली तर मजल्यामजल्यावर फवारे सुटावेत म्हणून टाकी उंचावर, आणि टाकी झाकायला घुमट. म्हणजे शहराची सगळी शोभा आगीच्या भीतीवर उभी होती.

या इमारती नीट पाहिल्या तर त्यांच्या अंगावर कामाचा आराखडा वाचता येतो. आतल्या ‘म्यूल’ नावाच्या लांबलचक कताई यंत्रावर हजाराच्या वर चात्या असत. त्याचा गाडा रुळांवरून पुढे येई, सूत ताणून पीळ देई आणि मागे जाताना ते गुंडाळी. कामगार तेलकट जमिनीवर अनवाणी पायांनी त्याच्या मागं-पुढं चालत. यंत्राच्या लांबीवर गिरणीची रुंदी ठरे आणि एवढ्या रुंद खात्याच्या मध्यापर्यंत उजेड पोचावा म्हणून भिंतीत भिंत कमी, खिडक्याच जास्त. इंजिनघरापासून वरच्या मजल्यापर्यंत एक अरुंद पोकळी सोडलेली असे. तिच्यातून सुती दोरखंड प्रत्येक मजल्याला गती नेऊन देत. आज अशा कित्येक इमारतींत गोदामं आहेत, फर्निचरची दुकानं आहेत. त्या टिकल्या त्या सौंदर्यामुळे नव्हे. हजारो चात्यांचा भार सोसणारी जमीन कपाटांचाही भार सोसते आणि भाडं परवडतं, एवढंच कारण पुरलं.

एल्क गिरणीचं नशीब तेवढं नव्हतं. म्यूलवर सूत काढण्यासाठी बांधलेल्या गिरण्यांतली ही शेवटची, 1920च्या दशकातली. 1999 साली ती पाडली. त्या जागी मोठाल्या दुकानांचा बाजार आहे आणि त्याचं नाव एल्क मिल. हा प्रकार लोअर परळच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

ओल्डहॅमच्या गिरण्या कुणी बंद पाडल्या? अमेरिकेनं, जपाननं, मुंबईनं, असं ओल्डहॅमच्या लँकेशायर परगण्यात बरीच वर्षं म्हटलं गेलं. पण ओल्डहॅमचा सर्वांत मोठा कारखाना सुताचा नव्हताच. प्लॅट ब्रदर्स ही कंपनी सूत काढायची यंत्रं बनवी आणि जगभर विके. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं तिच्याच शिक्क्याची. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये टाटा 1880च्या दशकात नव्या रिंग चात्या चालवून पाहत होते, तेव्हा लँकेशायर आपल्या म्यूलला चिकटून होतं. आणि 1929 साली काळाचं चक्र उलटं फिरलं. जपानच्या टोयोडा कंपनीच्या स्वयंचलित मागाचे हक्क प्लॅटनं एक लाख पौंडांना विकत घेतले. ज्याला यंत्रं विकली त्याच्याचकडून यंत्र घ्यायची वेळ आली. ते पैसे मोटारगाडीच्या प्रयोगांना लागले, असं टोयोटाच्या इतिहासात सांगितलं जातं. माझ्या मते ओल्डहॅमला शत्रूनं हरवलं नाही. ओल्डहॅमनं आपला सर्वांत फायदेशीर माल विकला, आणि तो माल म्हणजे त्याचीच जागा घेण्याची ताकद होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्यांची रात्रपाळी पाकिस्तान आणि सिल्हेटकडून आलेल्या माणसांनी चालवली. गिरण्या मिटल्या, माणसं राहिली. ग्लॉडविक आणि वेस्टवुड या वस्त्यांतल्या लाल विटांच्या घरांच्या रांगांमध्ये मशिदींचे घुमट आले. गल्ल्या मात्र आपापल्या राहिल्या, आणि 2001च्या मे महिन्यात तिथं दंगल उसळली.

1841 सालच्या टाऊन हॉलमध्ये 2016पासून चित्रपटगृह आहे. 1900 साली इथून पहिल्यांदा खासदार झालेला चर्चिल त्याच्याच पायऱ्यांवरून बोलला होता. आता समोर पुतळा आहे ॲनी केनीचा. दहाव्या वर्षी गिरणीत लागलेली ही पोर 1905 साली मँचेस्टरच्या सभेत बायकांच्या मताधिकाराचा सवाल विचारून तुरुंगात गेली. त्या सभेत चर्चिलही होता. आगगाडी 2009 साली बंद झाली आणि 2014पासून भर रस्त्यातून ट्राम धावते. इथल्या जवळजवळ प्रत्येक खुणेनं धंदा बदललाय.

एक जागा मात्र मूळ कामावरच आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस यायचा थांबला आणि ओल्डहॅमच्या चात्या ठप्प झाल्या. त्याच वर्षांत मुंबईत सोनं वाहत होतं. वऱ्हाड-खानदेशचा कापूस ‘सुरती’ नावानं लँकेशायरला जात होता, आणि आखूड धाग्याच्या त्या हलक्या मालाला तिथले कामगार शिव्या देत होते. युद्ध संपताच मुंबईतला शेअरबाजार कोसळला आणि डॉ. भाऊ दाजी लाडांसारखी नामवंत माणसंही त्यात बुडाली. इकडे ओल्डहॅमनं बेकार कामगारांना रोजगार म्हणून एक बाग तयार करायला लावली. ती 1865 साली खुली झाली. अलेक्झांड्रा पार्क तिचं नाव. चात्या थांबल्या तेव्हा त्या हातांनी केलेलं हे काम आजही चालू आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत.