नाण्याची चूक कोणी सिद्ध करायची?

नाण्यावर सालाखाली हिरा असेल तर ते मुंबईच्या टाकसाळीतलं, तारा असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर? नवखा संग्राहक हरखतो: खूण पडायची राहिली, चूक सापडली! प्रत्यक्षात ते कोलकात्याचं नाणं असतं. तिथे खूण टाकतच नाहीत. भाट्ट मीमांसकांनी अभाव कळण्यासाठी 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानलं. त्यांच्या हिशेबाने 'इथे खूण नाही' हे ज्ञान खरंच आहे. फसते ती त्यावर रचलेली पुढची पायरी. अभाव दिसला म्हणून उणीव सिद्ध होत नाही.

मग चूक सिद्ध कशी व्हावी? मला इथे मीमांसकांचाच स्वतःप्रामाण्याचा नियम लावावासा वाटतो. ज्ञान मुळात प्रमाण. ते खोटं म्हणायचं तर त्याला बाधणारं दुसरं ज्ञान दाखवा, नाहीतर ज्यातून ते उपजलं त्या कारणातला दोष दाखवा. नाण्यालाही हाच न्याय हवा. ते वेगळं दिसतं एवढ्याने भागत नाही. चकतीत किंवा ठशात काय बिघडलं ते सांगता आलं पाहिजे. कड तुटलेलं नाणं घ्या. पत्र्यातून चकती कापताना पंच आधीच्या भोकावर पडला, तर चंद्रकोरीसारखा तुकडा कमी होतो. पुढे कड उचलणाऱ्या यंत्रात त्या रिकाम्या जागेमुळे समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही, आणि कापाच्या बरोबर समोर कड पुसट राहते. घरी कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत असते. कोणी म्हणेल, टाकसाळीतला तो क्षण पाहिला कोणी? डोंगरावरचा अग्नी तरी कोण पाहतो, धूरच दिसतो. अर्थात पुसट कड झिजेनेही येते, म्हणून ती एकटी हेतू, म्हणजे अनुमानाची पक्की खूण, होत नाही. काप आणि त्यासमोरची पुसट कड, ही जोडी लागते.

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकाचा आक्षेप जास्त जड आहे. प्रामाण्यही बाहेरूनच ठरतं असं तो मानतो. खोट्या नाण्यांच्या बाजारात आधी विश्वास कशाला? पण आधी संशय ठेवल्याने काय झालं ते दहाच्या नाण्याने दाखवलं. कुठे 10 किरण, कुठे 15, कुठे रुपयाचं चिन्ह, कुठे नाही. एवढ्या फरकावर दुकानदार खरी नाणी नाकारत राहिले, आणि जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की चौदाही नमुने वैध आहेत. कारणदोष कोणीच दाखवला नव्हता. नैयायिकाचं एक मात्र मान्य: चुकीचं नाणं म्हणून जादा पैसे मागितले जातात तेव्हा नाण्यात चूक आहे असा दावा केलेला असतो, आणि परीक्षा त्या दाव्याची व्हायला हवी. शिंपल्यात चांदी दिसते ती चांदी हवी असलेल्यालाच. म्हणून दुहेरी उमटलेलं अक्षरही विकत घेण्याआधी भिंगाखाली धरावं: दोष ठशातच कोरला गेला असेल तर दोन्ही रेषा फुगीर आणि सुट्या दिसतात, सैल ठसा दाबताना घसरला असेल तर दुसरी रेषा सपाट, पायरीसारखी पडलेली असते.