दुधाचा दात आणि आबांचा हात

माणसाच्या शरीरातून काहीही घ्यावयाचे म्हटले की नीतीचा प्रश्न उभा राहतो. रक्त घ्यावयाचे तर सुई टोचावी लागते, मूत्रपिंड घ्यावयाचे तर धडधाकट माणसाला शस्त्राखाली निजवावे लागते. आणि १९९८ मध्ये अमेरिकेत मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या काढण्याची विद्या साधली, तेव्हा तर जीव कोठून सुरू होतो हा जुनाच प्रश्न प्रयोगशाळेच्या दारात येऊन बसला. दुधाचा दात मात्र या सर्वांहून निराळा. तो कोणाला काढावा लागत नाही; तो आपणहून पडतो. पडला की कौलावर भिरकावून द्यायचा आणि उंदराकडे त्याचा दात मागायचा, ही आमच्याकडची रीत. यात कोणाचे काय जाते?

हा प्रश्न मला या वर्षी खराच सोडवावा लागला. आमचे गाव कुडपण. पोलादपूर तालुक्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या घड्यांत दडलेले. तेथे माझे चुलते, आबा, राहतात. त्यांचा उजवा हात काही वर्षांपासून थरथरतो. प्रारंभी सगळे म्हणाले, वय झाले. मग चाल अडखळू लागली, आवाज बारीक झाला, आणि तालुक्याला नेले तेव्हा कंपवात हे नाव कळले. त्यांचा मुलगा मुंबईस नोकरी करतो. त्याची मुलगी सात वर्षांची. तिचा दात हलू लागला आहे. कोणीतरी त्याला सांगितले की हा दात गोठवून ठेवा, वर्षाचे भाडे भरा, एक दिवस याच दातातून आजोबांचा कंपवात बरा होईल. त्याने मला फोन केला. म्हणाला, "दादा, पैशाचं काही नाही, कर्ज काढीन. पण उद्या उपाय निघाला आणि मी दात फेकून दिलेला असला, तर आबांना तोंड कसं दाखवू?"

या वाक्याने मी बराच काळ अस्वस्थ होतो. कालपर्यंत जो दात फेकणे हा पोरखेळ होता, तो आज फेकला तर पितृद्रोह व्हावा, असे मध्यंतरी काय घडले?

घडले ते खरेच नवलाचे आहे. दाताच्या आत जो मऊ गर असतो, त्यात मूलपेशी आहेत असे २००० साली अमेरिकेत दाखविले गेले. मूलपेशी म्हणजे पेशींमधली उमेदवारीतली पोरे. धंदा अजून ठरलेला नाही. त्याच संशोधकांपैकी साँगताओ शी यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा पडलेला दात पाहिला, त्यातला लालसर गर त्यांच्या नजरेत भरला, आणि २००३ मध्ये दुधाच्या दातांतल्या मूलपेशींचा शोध जगापुढे आला. गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू घडत असताना त्यांच्या काठावरून ज्या पेशी सुटून निघतात, त्यांपासूनच दाताचा गर बनतो. मेंदूशी त्याचे असे जुने भाऊबंदकीचे नाते आहे. २०१२ मध्ये जपानात नागोयाच्या संशोधकांनी मज्जारज्जू तुटलेल्या उंदरांत या पेशी घातल्या, तेव्हा त्यांच्या मागच्या पायांत काही प्रमाणात चलनवलन परत आले. उंदराकडे दात मागणारे आपण. येथे आपलाच दात उंदराला पावला!

पण उंदरापासून आबांपर्यंतची वाट लांब आहे. माणसाच्या कंपवातावर किंवा स्मृतिभ्रंशावर दातातील पेशींचा कोणताही उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही. क्योटो विद्यापीठाने २०२५ मध्ये सात कंपवाती रुग्णांच्या मेंदूत पेशी रोवल्याचा आश्वासक वृत्तांत दिला, परंतु त्या पेशी दातांतल्या नव्हत्या. शिवाय नातीच्या पेशी म्हणजे काही आजोबांच्या पेशी नव्हेत. आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतील रक्ताखेरीज असल्या साठवणुकीला परवानगी दिलेली नाही; आणि मूलपेशींचा प्रयोग माणसावर करावयाचा तर तो रीतसर मंजूर असावा, त्याचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत, असेही त्यांत आहे. तरी दात जपण्याची दुकाने मुंबईत निघालीच.

म्हणजे दात घेताना कोणाला इजा होत नाही हे खरे. इजा दुसऱ्या टोकाला होते. मुलाच्या मनातली माया आणि धास्ती यांवर तेथे किंमत बसते. आशा ठेवणे निराळे आणि आश्वासन विकणे निराळे. जो उपाय अजून उपाय झालेला नाही, त्यातून कर्तव्य कसे निपजेल?

आमच्या रानात खाजकुइली माजते. तिच्या शेंगेवरची कुसे अंगाला लागली की पोर तास तास ओरबाडत बसते, म्हणून आम्ही तिला शिव्याच दिल्या. आयुर्वेदाला ती कपिकच्छू म्हणून ठाऊक होती. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला, तेव्हा त्याचा कंपवाताशी काय संबंध हे कोणास माहीत नव्हते. मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य कमी पडते हे १९६० मध्ये व्हिएन्नात कळले; थोड्या थोड्या मात्रेने लेव्होडोपा वाढवीत नेण्याची युक्ती १९६७ मध्ये अमेरिकेत कोटझियास यांना साधली; आणि १९७८ मध्ये मुंबईच्या अशोक वैद्य यांनी खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण रुग्णांना देऊन त्याचा वृत्तांत लिहिला. कुंपणावरच्या वेलीला औषध व्हायला इतकी वर्षे लागली. (ही बी घरी कुटून कोणी खाऊ नये, मात्रा मोजल्यावाचून ती औषध नव्हे.)

येथे माझ्या मनात एक काटा सलतो. धीर धरा, हे सांगणारा मी निरोगी आहे. शास्त्राला तीस वर्षे परवडतात, आबांना नाहीत. ज्याचा हात कापतो त्याला दुसऱ्याच्या हाताने धीराचे पाठ का द्यावेत? या आक्षेपाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. मी ते सारे आबांपुढे मांडले. त्यांचे आजारपण, त्यांनाच विचारावे. त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. बोलणे आता सावकाश होते. मग म्हणाले, "माझ्यावर करून बघायचं तर बघू देत. मी काय नाय म्हणतो? पण मग पैसं त्यांनी कशाला मागायचं? आणि पोरीच्या दाताला कशाला गुंतवता माझ्यात?"

एवढ्यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या, ज्या मला करता आल्या नव्हत्या. स्वतःचा देह प्रयोगाला देणारा माणूस दाता असतो. तोच पैसे मोजू लागला की गिऱ्हाईक होतो. आणि म्हातारपणाचे ओझे सात वर्षांच्या पोरीच्या दातावर ठेवू नये, ती तो दात देताना हसत असली तरीही.

मी चुलतभावाला हे कळवले. तो गप्प झाला. मग त्याने विचारले, "आबांची गोळी वेळेवर मिळते का?" मिळत नव्हती. लेव्होडोपाची गोळी देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, पण पावसात घाट बंद पडला की पोलादपूरहून ती आणणार कोण? आठवडाभर खंड पडला, तेव्हा आबांना काकूंनी भरवावे लागले होते. आता तो तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम पाठवतो. काकूंनी भिंतीवर कोळशाने वेळा लिहिल्या आहेत: सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, आणि खाली, जेवणाच्या अर्धा तास आधी.