परिग्रहाचे माप

बडनेऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील चांदूर रेल्वे या गावी, जेथे कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या भावावर वर्षाचा जमाखर्च ठरतो, तेथेही अडीच टन वजनाची आलिशान मोटार आता नवलाची राहिलेली नाही. तिचे कागदोपत्री मायलेज आणि प्रत्यक्ष मायलेज यांत जे अंतर पडते, त्याची कैफियत सोपी आहे: चाचणी रोलरवर, ताशी ९० किलोमीटरच्या आत, नेमून दिलेल्या क्रमाने होते, रस्त्यावर मात्र हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि वैशाखात एसीही आपला वाटा मागतो. मालक दाखल्यातील आकड्याला दोष देतो. मला तो दोष किरकोळ वाटतो.

खरा प्रश्न असा की, ७० किलोचा एकटा मनुष्य अमरावतीच्या कचेरीत हेलपाटा घालतो, तेव्हा डिझेल नेते कोणाला? एकूण वजनात त्याचा अंश शेकडा ३ देखील भरत नाही. जैन आचारशास्त्राने गृहस्थाला सर्वसंगपरित्याग सांगितला नाही. परिग्रहपरिमाण या अणुव्रताने संग्रहाची आणि दिग्व्रत या गुणव्रताने प्रवासाची मर्यादा त्याने स्वतःच आखावी, एवढेच सांगितले. ऐपत असलेल्याने जाळावे, असे कोणी म्हणेल. परंतु एक लिटर डिझेलामागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्याची आकारणी पंपावरच्या पावतीत नसून कोरडवाहू शेतकऱ्याच्या खाती चढते.

अर्थात लग्नसराईत सातही जागा भरल्या म्हणजे शेकडा तीनाचे सोळा होतात, आणि त्या दिवशी ती मोटार दिग्व्रत पाळणाऱ्यालाही फारशी खटकू नये.