भयाने थांबलेला हात

सज्जनहो, भूतदयेचा विषय निघाला की एक शंका हमखास पुढे येते. लोक म्हणतात, "दया ही मनाची वस्तू. ती आतून उमलायची. सरकारने हुकूम काढले, देशादेशांनी कागदावर सह्या केल्या, म्हणून कुठे दया उत्पन्न होते काय? दंडाच्या धाकाने ज्याने शिकार सोडली, त्याच्या पदरी कसले पुण्य?" ही शंका पोरकट नाही. तिच्यात तथ्य आहे, म्हणून ती झटकून न टाकता नीट तपासू. त्यासाठी हवेतला दृष्टांत नको; प्रत्यक्ष घडलेली हकीकत घेऊ. ती आहे देवमाशाची.

निळा देवमासा हा आजवर पृथ्वीवर झालेल्या प्राण्यांत सर्वांत मोठा. लांबी शंभर फुटांपर्यंत जाते. मादी दोन-तीन वर्षांतून एकदा वीत असते आणि तेही एकच पिल्लू. असे धन भराभर वाढत नसते, हे गाईगुरे राखणाऱ्याला सांगायला नको. पण त्याची चरबी वितळवून तेल निघे, त्या तेलाचा साबण होई, कृत्रिम लोणी होई. त्यासाठी दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात १९३०-३१ च्या एका हंगामात २९ हजारांवर निळे देवमासे मारले गेले. अडवणार कोण? गायरान निदान गावाचे तरी असते. भर समुद्र कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. जो तो म्हणे, मी सोडला तर दुसरा मारीलच. मग मीच का सोडू?

अखेर २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे पंधरा देशांनी करार केला. हे धन पुढच्या पिढ्यांसाठी राखावे असे त्यात लिहिले, आणि शिकारीचा धंदा सुरळीत चालावा असेही लिहिले. म्हणजे दयेपेक्षा हिशेबच अधिक. हिशेब तरी कसा, पाहा: एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच कुबडे किंवा सहा सेई देवमासे! जीव मोजले ते तेलाच्या मापाने. दक्षिण समुद्रासाठी हंगामाला सोळा हजार निळ्या देवमाशांइतकी मर्यादा ठरली, पण ती सर्वांची मिळून. कोणाचा वाटा किती, हे कित्येक वर्षे ठरलेलेच नव्हते. पंगतीत एकच पातेले ठेवावे आणि सर्वांनी पळ्या घेऊन धावावे, तसे झाले. निळ्या देवमाशाला पूर्ण अभय मिळेपर्यंत १९६५-६६ साल उजाडले. पूर्वी त्या समुद्रात ते दोन लाखांवर होते. १९७३ च्या सुमारास साडेतीनशेच्या आसपास उरले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आता याहून वाईट गोष्ट ऐका. करारात सही करणारा सोव्हिएत रशिया वर्षानुवर्षे खोटे आकडे कळवीत होता. दक्षिण गोलार्धात मारलेले कुबडे देवमासे त्याने कागदावर दाखवले २,७१०. प्रत्यक्षात मारले होते ४८ हजारांहून अधिक. जहाजावर निरीक्षक असत, पण ते त्याच देशाचे. बरं, एवढ्या मांसाची गरज होती म्हणावे, तर तेही नाही. वरून ठरवलेला आकडा गाठायचा, एवढाच हेतू. पुष्कळदा चरबी काढून घेत आणि उरलेले धूड समुद्रात लोटून देत. शंका घेणारे म्हणतील, "पाहा! भावावाचून कायदा हा असा पोकळ." खरेच आहे ते. पण विचार इथेच थांबवला तर अर्धेच सत्य हाती येईल.

पुढे काय झाले? १९७२ पासून एका देशाच्या जहाजावर दुसऱ्या देशाचा निरीक्षक बसू लागला आणि मोठ्या प्रमाणावरची ती चोरी आटली. १९७९ मध्ये आपला हिंदी महासागर देवमाशांचे अभयक्षेत्र ठरला. १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव झाला आणि १९८५-८६ च्या हंगामापासून तो लागू झाला. ब्राझीलच्या बाजूच्या समुद्रात कुबडे देवमासे १९५० नंतरच्या दशकात जेमतेम साडेचारशे उरले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते पंचवीस हजारांच्या घरात गेल्याचे दाखवले. भाल्यावरचा हात दयेने थांबला की भयाने, हे त्या पिल्लाने विचारले नाही. त्याला आई मिळाली, एवढे पुरे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. ज्याचा जीव वाचतो त्याचे हित एक, आणि जो वाचवतो त्याचे हित दुसरे. पहिले कायद्याने साधते. दुसरे कायद्याने साधत नाही, हे शंकाकाराचे म्हणणे मान्य. पण म्हणून पहिले क्षुद्र ठरत नाही. माझे मन शुद्ध होईपर्यंत देवमाशाने मरत राहावे, असे म्हणणे ही दया नव्हे. तो आपल्याच पुण्याचा लोभ झाला.

आणि उलट बाजूही आहे. रशियाचे ते खरे आकडे जगाला कळले कसे? खऱ्या नोंदी नष्ट करा असा हुकूम असताना एका शास्त्रज्ञाने त्यांची चळत आपल्या घरी बटाट्याच्या तळघरात लपवून ठेवली. १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी हे प्रकरण जगापुढे मांडले. त्या तळघरात कोणता कायदा पहारा देत होता? उलट सगळे भय दुसऱ्या बाजूला होते. तेथे राखण केली ती मनातल्या सत्याने. म्हणजे कायदा जिवाला राखतो आणि भाव कायद्याला राखतो.

कोणी म्हणेल, देशांवर राजा नाही, मग करार मोडला तर कोण विचारणार? खरे आहे. नॉर्वे आणि आइसलँड यांनी बंदीतून अंग काढले, आणि जपान तर ३० जून २०१९ रोजी त्या मंडळातूनच बाहेर पडला. पण वारीत समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की एवढा अफाट समाज क्षणात शांत होतो, तो कोणत्या शिपायाच्या धाकाने? दंड लाकडाचाच असतो. त्याला वजन येते ते सर्वांनी मिळून मानल्यामुळे. नवा वारकरी पहिल्या वर्षी सांगितले म्हणून गप्प राहतो. चौथ्या वर्षी त्याला ती शांतता हवीशी वाटते. नियम आधी येतो, गोडी मागून येते. देशादेशांतले करारही असेच पिकायचे आहेत.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देवमासा मारणे गुन्हा आहे. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू अडकले, तेव्हा माणसे त्याच्या अंगावर पाणी घालीत राहिली आणि त्याला खोल समुद्रात नेऊन सोडले. ते पुढे वाचले नाही. तरी पाणी घाला, असे काही कायद्यात लिहिलेले नव्हते. मारू नको, एवढेच कायदा सांगतो. त्यापुढची वाट ज्याची त्याने चालायची असते.

तेव्हा, सज्जनहो, कायद्याला हसू नका आणि कायदा झाला म्हणून निजूही नका. नदीच्या काठी, गावच्या गायरानात, जिथे कोणी पाहणारा नसतो तिथे आपला हात कशाने थांबतो, हे ज्याने त्याने आपल्याशी पाहावे. भयाने थांबत असेल तर भयाने थांबो. मुका जीव तेवढ्यानेही जगेल. पण एकदा थांबलाच आहे, तर त्याच हाताने ओंजळभर पाणी घालायला शिकावे.