कात्री आली, टेबल राहिलं

गृहनिर्माण सोसायटीचा सचिव वार्षिक सभेचं इतिवृत्त टाइप करत असतो. एक लांबलचक ठराव चुकीच्या पानावर पडलाय म्हणून तो कट करतो. वाटेत एका सभासदाचं आडनाव चुकलेलं दिसतं, तेव्हा यादीतून बरोबर नाव कॉपी करून तिथे टाकतो. मग ठरावाच्या जागी येऊन पेस्ट म्हणतो, तर तिथेही उमटतं ते आडनावच. कंट्रोल-झेड दाबत मागे गेलं तर ठराव सापडेल, पण मधल्या दुरुस्त्या उलटतील. फाइल एकदा बंद केली असेल तर तोही मार्ग खुंटला.

कट किंवा कॉपी केलेलं जिथे जाऊन बसतं त्या क्लिपबोर्डात एका वेळी एकच वस्तू मावते. नवी आली की जुनी गेली, आणि याची वर्दी कोणी देत नाही.

कट-पेस्टचं मूळ कागदात आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा संपादक-प्रोग्रॅम लिहिला, तो पाठ्यपुस्तकांच्या एका प्रकाशनसंस्थेसाठी. तिथले संपादक हस्तलिखित कात्रीने कापत आणि डिंकाने दुसरीकडे चिकटवत. कट आणि पेस्ट हे शब्द त्याच कामातले. पण कापलेल्या दहा पट्ट्या संपादकाच्या टेबलावर एकत्र पडून राहू शकत. हवी ती उचलावी. संगणकाने कात्री घेतली, डिंक घेतला, टेबल मात्र मागेच राहिलं.

क्लिपबोर्ड मॅनेजर म्हणजे ते टेबल. प्रोग्रॅमरांना ते फार आधीच मिळालं होतं: ईमॅक्स या संपादक-प्रोग्रॅममध्ये कापलेल्या तुकड्यांची ‘किल रिंग’ कित्येक दशकं आहे. विंडोजच्या सामान्य वापरकर्त्याला मात्र ही सोय थेट २०१८च्या शेवटी मिळाली. विंडोज आणि व्ही ही बटणं एकत्र दाबली की अलीकडच्या पंचवीस नोंदी दिसतात. संगणक पुन्हा सुरू केला की पिन केलेल्या तेवढ्या उरतात. डिट्टो किंवा कॉपीक्यू यांसारख्या वेगळ्या क्लिपबोर्ड मॅनेजरांचा पसारा मोठा. ते नोंदी डिस्कवर साठवतात, आणि एखादा शब्द टाइप करून जुना मजकूर शोधता येतो.

शोधताना मराठीचा एक खोडा आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन वेगळ्या युनिकोड जुळण्यांनी लिहिता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण अक्षराला अक्षर जुळवणारा शोध एका जुळणीवरून दुसरी ओळखत नाही. तिथे अक्कलहुशारीने शेजारचा साधा शब्द शोधावा.

टेबलावरच्या पट्ट्या येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दिसतात, हे मात्र विसरून चालत नाही. कॉपी केलेला पासवर्ड त्या यादीत ठरावाशेजारी निमूट बसतो. म्हणून कीपास हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम स्वतः तिथे ठेवलेला पासवर्ड काही सेकंदांत क्लिपबोर्डातून पुसून टाकतो, आणि ‘हे नोंदवू नका’ अशी खूण मजकुरावर लावायची सोय विंडोजमध्ये आहे. २०२० साली आयफोनने, एखादं अ‍ॅप क्लिपबोर्ड वाचतंय, अशी सूचना द्यायला सुरुवात केली, तेव्हा किती अ‍ॅप्स तिथे डोकावतात हे पाहून लोक चकित झाले. तोवर ती चुपचाप डोकावत होती.

सचिवाने कोणाच्या तरी सांगण्यावरून ती दोन बटणं दाबली. खिडकी उघडली आणि इतिहास चालू करायचा का, एवढंच विचारलं. त्याने होकार दिला. यादी रिकामी होती. ठराव त्याने आठवून पुन्हा टाइप केला, आणि या वेळी कट करण्याआधी पिन कुठे आहे ते पाहून ठेवलं.