शेजारी बसणारी ताई

दिवाळी सरली की भोकरच्या आसपासच्या तांड्यांवरून माणसं ऊसतोडीला निघतात. काही लेकरं सोबत जातात, काही आजीजवळ राहतात. मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जाणाऱ्यांसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की दाखला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही.

पण प्रवेशानंतर काय? तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, किनवटकडचं गोंडी नाहीतर कोलामी. वर्गात पुस्तक मराठीचं. ते गप्प बसतं आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. हा सरळ अन्याय आहे. तांड्यावरचीच एखादी शिकलेली ताई गुरुजींच्या मदतीला आली, की गुरुजी फळ्यावर हातच्याची वजाबाकी मांडतात आणि ती लेकराशेजारी बसून तीच त्याच्या बोलीत उलगडते. फडावरून परतलेल्याचा धडा कुठं सुटला, तेही तीच बघते.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असं राज्यघटनेचं ३५० अ कलम १९५६ पासून सांगतं. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पालकहो, पुढच्या बैठकीत अशा ताईचा विषय तुम्हीच काढा.